वावळाची सोयरीक

या, जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे यावं. वारा जुळवतो त्या सोयरिकीची गोष्ट सांगतो. झोळाईच्या कृपेने फार लांबणार नाही.

कोकणातल्या वाकसरी गावी झोळाईदेवीची राई आहे, सगळी उंच वावळाची. माघात पानं झडली की वावळ फुलतो. त्या फुलांना ना रंग, ना मध. मधमाशी कशाला फिरकेल? पराग नेतो-आणतो तो वारा. देवीची पूजा आटोपून यशोदाकाकी गुरव राईत शिरल्या, की हल्ली आधी फांदीला टांगलेला परागवाचक बघत. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. वाऱ्यातला कण धरायचं, त्याची जनुकं वाचायचं आणि तो कोणत्या झाडाचा, ते पडद्यावर दाखवायचं. काकी त्यालाही हळदकुंकू लावत.

यंत्र आणलं होतं मुक्ता शिंत्रे या वृक्षशास्त्रज्ञ मुलीने. राईतली नवी रोपं वीतभर वाढून सुकत होती, त्याचं कारण ती शोधत होती.

"काकी, सगळे कण घरचेच," एका सकाळी ती म्हणाली. "भावाबहिणींतच लग्नं लागतायत. पिढी तगणार कशी?"

"बाहेरचा एकही नाही?"

"एकच आलाय. खाडीपलीकडच्या टेकडीवरल्या वावळाचा."

काकींनी हात जोडले. "एवढासा जीव, एवढं पाणी ओलांडून आला गं!"

"पूर्वी ढिगाने येत असतील. आता वाटेत सुरूची भिंत आहे."

काकींनी पश्चिमेकडे पाहिलं. चिरेखाणीची लाल धूळ राईवर बसायची, म्हणून त्यांच्या यजमानांनी, बापूंनी, पश्चिमेला सुरूची दाट रांग लावली होती. कळशीने पाणी घालून जगवली होती. पुढे खाण बंद पडली. बापूही गेले. रांग तेवढी उरली.

सुरूची रांग तोडायची का, ते ठरवायला देवळात गाव जमलं. "इथे आमच्या पोरांची लग्नं जमेनात, आणि काकी झाडांच्या सोयरिकी बघतायत!" सदू पाष्टे म्हणाला. हशा पिकला. मग तोच हळू आवाजात म्हणाला, "बापूंच्या हातची झाडं ती, काकी. देवीला कौल लावू. ती सांगेल तसं."

"नको रे. राई तिची, पण भिंत आम्ही घातली. आमचं काम तिच्यावर का ढकलायचं?"

पहिला घाव काकींनीच घातला. त्याआधी खोडावर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. काय बोलल्या, ते कुणी विचारलं नाही.

पुढल्या माघात पडद्यावर खाडीपलीकडचे कण उमटू लागले; मग मुक्ताकडे नोंदही नसलेल्या, कुठल्या डोंगरावरच्या कोण जाणे, अशा झाडांचेही. काकींचे डोळे भरून आले. "बुवा कीर्तनात सांगतात ना, तो दिसत नाही, पण काम थांबवत नाही. आज पाहिलं गं, मुक्ता."

पापुद्र्यासारख्या बिया उडाल्या, रुजल्या. ती रोपं आभाळाला भिडतील का? आणि भिडली, तर ते बघायला आपल्यातलं कोण असेल?

तुम्ही कधी त्या राईत गेलात, तर बापू गुरवांची आठवण काढा. तोडावी लागली ती झाडंही त्यांनी मायेनंच वाढवली होती.