पडद्यामागची हवा

राजूर घाट उतरताना बस एका वळणावर कलली आणि शेजारच्या तरुणाने डावा कान तळहाताने गच्च दाबून धरला. त्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं. शरयूला राहवलं नाही.

"आवंढा गिळा."

"काय?"

"आवंढा! गिळा!"

अर्ध्या बसने वळून पाहिलं. ती लाजली… आणि तो, एवढं दुखत असूनही, हसला.

"गिळून पाह्यला हो. नाही खुलून राह्यला. सर्दी झाली तवापासून दडे बसेल हाये."

शरयू बुलढाण्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे श्रवणतज्ज्ञ होती. शनिवारी डॉक्टर नांदुऱ्याला बसत, तेव्हा कान तपासायला तीही तिकडे जायची. त्याला तिने तिथेच यायला सांगितलं.

त्याचं नाव हरिओम. वरवट बकालचा; घरी वांगी-मिरचीचा मळा. तिने त्याच्या कानात रबरी टोक बसवलं, यंत्र सुरू केलं. यंत्राच्या पडद्यावर नुसती सपाट रेघ उमटली.

"इथे मधोमध डोंगर दिसायला हवा," ती म्हणाली. "नाकाच्या मागून कानात एक बारीक नळी जाते. गिळताना ती उघडते, आत हवा पोचते. तुमची सुजून बंद झालीये. आतली हवा कमी पडली, म्हणून कानाचा पडदा आत ओढला गेलाय. मागे पाणीही साचलंय."

हरिओमचा चेहरा उतरला. "मले विमानात नोकरी लागली, मॅडम. प्रवाशांची सेवा करायची. मुंबईले ट्रेनिंग हाये. अन् मले घाटच सहन नाही होऊन राह्यला!"

डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा दिला, आणि बंद नळी उघडायला नाकाने फुगवायचा एक फुगा. पाणी हटलं नाही तर कानाच्या पडद्यात इवलीशी नळी बसवू, म्हणाले. फुगा कसा फुगवायचा ते शरयूने करून दाखवलं. एक नाकपुडी बोटाने बंद, दुसरीने फुंकर. फुगा टम्म फुगला, तिचे गालही. हरिओम पोट धरून हसत सुटला.

"हसा! आता तुम्ही करा."

मग दर शनिवारी तो येऊ लागला. ती सकाळी दोनदा वेणी घालू लागली. एकदा तो खुर्ची ओढून तिच्या डाव्या हाताला सरकला.

"तिकडे का?"

"इकून उजवा कान येते. डाव्यानं तुमचा आवाज लांबून येते…" तो खाली बघत म्हणाला. "आठवडाभर तं लांबच असता. आता तरी जवळून आयकू द्या."

ती यंत्राची वायर उगाच सरळ करत राहिली.

रेघ वर उठू लागली. आधी छोटा उंचवटा, मग टेकडी. हरिओम खूश व्हायचा. शरयूही हसायची, पण परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेरच्या कपाशीकडे नुसती बघत बसायची. हा डोंगर उभा राहिला की तो जाणार होता.

आणि एका शनिवारी डोंगर उभा राहिला. नेमका मधोमध, उंच. 'अजून आठवडाभर पाहू' — शब्द तिच्या ओठांवर आले. कुणी विचारलंही नसतं. हरिओम श्वास रोखून तिच्याकडे पाहत होता.

"बरा झाला," ती म्हणाली. "आता सर्दी असताना उडायचं नाही. विमान उतरताना आवंढा गिळत राहायचं."

"हाव." त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काऊन हो, तुमाले खुशी नाही झाली?"

"झाली ना…"

तो मुंबईला निघाला त्या शनिवारी दवाखान्यातलं काम आटोपून ती नांदुरा स्टेशनवर गेली. तो डब्याच्या दारात उभा होता. तिला पाहून खाली उतरला.

"कानाचं काम तं संपलं," तो म्हणाला. "सुट्टीवर आलो, तं काय कारण सांगून येऊ तुमच्याकडे?"

शिट्टी झाली. ती त्याच्या शर्टच्या बटणाकडे पाहत होती.

"काही सांगू नकोस," ती हळूच म्हणाली. "नुसता… ये."

हरिओम बघतच राहिला. गाडी हलली तसा धावत दारात चढला, दांडी धरून बाहेर झुकला.

"शरयू! एकदा अजून म्हण ना!"

चाकांच्या खडखडाटात तिचा आवाज पोचला की नाही, कोण जाणे. शेवटचा डबा मलकापूरच्या दिशेला ठिपका झाला. फलाटावर तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

"ये," ती पुन्हा म्हणाली.