दोनदा आमेन

छापखान्याच्या अरुंद जिन्यात ती खाली येत होती आणि तो वर निघाला होता. एकाने माघार घेतल्याशिवाय दुसऱ्याला वाट नव्हती, आणि दोघंही अदबीने एकाच बाजूला सरकत होते.

"मला जरा घाई आहे," शेवटी तो म्हणाला. "इथल्या प्रूफरीडरशी भांडायचंय… म्हणजे, थोडंसंच."

"मग खाली उतरा. चहा घेता घेता भांडू," ती म्हणाली. "ती मीच."

बिचारा असा गोरामोरा झाला, की भांडणाची निम्मी हवा तिथेच गेली.

छापखाना तिच्या मामांचा होता आणि तिथे सगळे तिला 'लाल पेन' म्हणत. त्याने बायबलमधल्या एका शुभवर्तमानाचं, म्हणजे येशूच्या चरित्राचं, थेट ग्रीकमधून भाषांतर केलं होतं. त्यात पंचवीस ठिकाणी 'आमेन, आमेन' असं आलं होतं. टाइप करणाऱ्याला डुलकी लागली असणार, असं धरून लाल पेनने पंचवीसही ठिकाणी एक आमेन उडवला होता.

त्याने चहा गार होईपर्यंत समजावलं. शब्द मूळचा हिब्रू. एकाने प्रार्थना करायची आणि ऐकणाऱ्यांनी शेवटी म्हणायचं – आमेन, हे खरं, असंच होवो. ग्रीकमध्ये लिहिणाऱ्यांना त्याचं भाषांतर करता आलं असतं, पण त्यांनी तो जसाच्या तसा ठेवला. आणि येशू तो शेवटी नाही, स्वतःच्या बोलण्याआधी म्हणतो. या पुस्तकात तर दर वेळी दोनदा.

"म्हणजे मजकुराच्या आधीच सही?" तिने विचारलं.

तो तिच्याकडे बघतच राहिला. तिचे कान लाल झाले – चूक झाल्याच्या शरमेने, असं तिने स्वतःला बजावलं.

पंचवीस शब्द परत घालायला अर्धा तास पुरला असता. दोघांना अकरा दिवस लागले. तो रोज दुपारी यायचा, दोन-तीन जागा बघायचा आणि तासभर बसायचा. एवढ्या वेळात मूळ ग्रंथही लिहून झाला असता, असं मामा चष्मा पुसत म्हणाले.

पण शनिवारी तो दूरच्या गावी नोकरीसाठी निघणार होता. ती त्याच्या मनातलं त्याच्याच तोंडून ऐकायला आसुसली होती, आणि हा पठ्ठ्या तिच्या प्रत्येक बोलण्यावर नुसता मान डोलवायचा. खिडकी उघडू? हो. पंखा लावू? हो. स्वतःहून मात्र चकार शब्द नाही. शुक्रवार उजाडला आणि तिचा जीव खालीवर होऊ लागला.

"एक जागा राहिलीय," तो पान बघत म्हणाला. "चुकून?"

"माझ्याकडून चुकून काही राहत नाही."

तो पुन्हा पान चाळू लागला. मग तिलाच राहवेना.

"तुम्ही सगळ्यांच्या मागून होकार देता. एकदा तरी आधी बोला ना…"

त्याने पान खाली ठेवलं. खुर्ची पुढे ओढली, पुन्हा मागे नेली.

"आमेन, आमेन…" तो म्हणाला आणि अडकला.

"पुढे?"

"पुढचं अजून कच्चं आहे."

"चालेल. कच्चंच वाचायची सवय आहे मला."

"मला तुमच्याशी लग्न करायचंय," तो एका दमात म्हणाला. "तिकडे मला करमणार नाही. आणि माझी प्रूफं तपासणारंही कोणी नाही."

"शेवटचं वाक्य काढा. कामाला माणूस शोधताय असं वाटतं."

"काढलं."

"मग हो," ती म्हणाली. डोळे भरून आले होते, म्हणून मान खाली घालून तिने राहिलेला आमेन पानावर लिहिला. मशीन कधीची उभी आहे, असं मामांनी पलीकडून मुद्दाम मोठ्याने सांगितलं.

शनिवारी तो गेला – दोघांना पुरेल असं घर बघायला. स्टँडवर निरोप देताना ती इतकी खुशीत होती, की बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिली. त्याची बस तिच्या मागेच उभी होती आणि तो खिडकीतून हे सगळं मन भरून बघत होता.