मामांची डावी चप्पल

भीमराजमामांची डावी चप्पल चोरीला गेली, तेव्हा घरात कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. मागच्या जोडातलीही डावीच गेली होती. उजवीला चोर हात लावत नव्हता.

"एका पायाचा मानूस असन," मामा म्हणाले. उजव्या पायात स्वतःची काळी, डाव्यात मामीची गुलाबी, असे ते अंगणात उभे होते. "सापडू द्या, सोडत नाई त्याले."

सुट्टीत दिग्रसहून आलेल्या संघदीपला मात्र वेगळीच काळजी होती. मामांचं शेत आणि पलीकडचं जंगल यांच्यामध्ये बोरीच्या झुडपांचा, वाळक्या गवताचा एक पट्टा होता. उद्या सकाळी जेसीबी येऊन तो सपाट करणार होता. त्याच पट्ट्याचा अभ्यास करायला नागपूरहून आलेली, मामांकडेच उतरलेली सुरभीताई कालपासून नीट जेवत नव्हती. म्हणजे जेवत होती, पण ठेचा मागत नव्हती.

"झुडपात अभ्यासाजोगं हाय तरी काय?" मामांनी तिला विचारलं.

"मामा, पांढरकवड्याचा बसस्टँड आठवा. तिथे नागपूरवाला भेटतो, आदिलाबादवालाही भेटतो. पण पानठेलेवाला फक्त स्टँडवरचाच. या पट्ट्याचंही तसंच. जंगलातले येतात, शेतातले येतात, आणि काहींचं घरच तिथे. जंगलात किंवा शेतात काही बदललं, की आधी इथे कळतं. म्हणून आम्ही अशा जागा बघतो."

"पानठेल्यासाठी जमीन पडीक ठेवू काय मी?"

त्या संध्याकाळी संघदीप आणि त्याची बहीण प्रियंका यांनी अंगणात चुलीतली राख पसरली आणि मधोमध मामीची डावी गुलाबी चप्पल ठेवली.

"चोराचे पाय उमटतील," प्रियंका म्हणाली.

"पाय नाही, पाऊल. एकच," संघदीपनं आठवण करून दिली.

सकाळी चप्पल नव्हती. राखेत पावलं होती, चार-चारच्या हिशेबानं.

"दोन चोर," प्रियंका म्हणाली.

"आणि दोघांनीही नखं कापलेली नाहीत," संघदीप म्हणाला.

नांगरलेल्या मातीतून माग काढत दोघं थेट पट्ट्यात पोचले. बोरीखाली एक बीळ होतं, बाहेर गावभरच्या चपला, आणि गुलाबी चपलेवर हनुवटी टेकून झोपलेलं एक पिल्लू. प्रियंकानं ताईला बोलावून आणलं.

"खोकड," ताई कुजबुजली. "कोल्ह्याचं धाकटं भावंड. रात्री शेतात उंदीर मारायचे, दिवसा इथे झोपायचं."

तेवढ्यात शेताच्या बांधाकडून, धुऱ्यावरून, जेसीबीची घरघर ऐकू आली.

संघदीप पळत सुटला. 'पिल्लू आहे' म्हटलं, तर मामा म्हणणार, जाईल दुसरीकडे. तो मशीनसमोर उभा राहिला आणि धापा टाकत म्हणाला, "मामा, चोर सापडला. झुडपात आहे. पण या आवाजानं पळून जाईल."

"बंद कर बे ते मशीन!" मामा ड्रायव्हरवर ओरडले आणि काठी घेऊन एकाच चपलेनिशी निघाले.

बोरीपाशी त्यांनी वाकून पाहिलं. पिल्लानं एक डोळा उघडला, चपलेचा अंगठा चावला आणि पुन्हा झोपलं. मामांची काठी हळूच खाली आली.

"हे उंदीर खाते म्हंता?"

"तुमच्याच शेतातले," ताई म्हणाली.

"आन् उजवी काहून नाई नेत?"

"ते अजून अभ्यासायचंय."

"मंग करा अभ्यास. राहू द्या हा पट्टा." मामांनी दोघांच्या पाठीवर थाप मारली. "डोकं हाय पोट्टेहो तुमच्यात. पोलिसाले नसतं जमलं."

आलाच आहे तर म्हणून मामीनं जेसीबीकडून शेणखताचा ढीग हलवून घेतला.

निघताना मामांनी उजवी चप्पल काढून बिळाशी ठेवली. "जोड तरी पुरा होऊ दे बिचाऱ्याचा," म्हणाले आणि बोरीचे काटे चुकवत, टुणटुण उड्या मारत घरी आले.

त्या दुपारी सुरभीताईनं दोनदा ठेचा मागितला.