शिंपीण गोड बोलते तेव्हा

"अजिबात दुखणार नाही हं," मी म्हणाले, आणि खुर्चीतल्या माणसानं माझ्यावर विश्वास ठेवला.

दुखलं. चांगलंच दुखलं. अक्कलदाढ होती, तीही आडवी. कापसाचा बोळा दाताखाली धरून तो उठला आणि जाताना माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवून गेला – 'तुमचा आवाज फार धोकादायक आहे. मला हवाय.' खाली एका स्टुडिओचा पत्ता.

मी दाताच्या दवाखान्यात मदतनीस. डॉक्टर मॅडमच्या हातात हत्यारं द्यायची आणि पेशंटला धीर द्यायचा, हे माझं काम. मी चिठ्ठी मॅडमना दाखवली. "भूल उतरली नसेल अजून," त्या म्हणाल्या.

आठवड्यानं तो टाके काढायला आला तेव्हा उलगडा झाला. तो ऐकायची पुस्तकं ध्वनिमुद्रित करायचा. स्टुडिओत त्याला सगळे कानसेन म्हणत, कारण वाचणाऱ्यानं आवंढा गिळला तरी याला ऐकू जायचं. एक जुनी सूडकथा वाचायला त्याला बाईचा आवाज हवा होता.

कथा अशी – समुद्रकड्यावर एक काळवंडलेली हवेली. तिथल्या उमरावानं एका शिंपिणीच्या बहिणीचा जीव घेतलेला. काही वर्षांनी तो तिलाच, न ओळखता, आपल्या लग्नाचा कोट शिवायला बोलावतो. ती अस्तरात थोडं थोडं विष मुरवत जाते. आणि दर वेळी मायेनं विचारते, "मालक, अंगाला घट्ट तर होत नाही ना?"

पहिल्या दिवशी मी ते वाक्य दातओठ खात, घोगऱ्या आवाजात वाचलं. काचेपलीकडून हेडफोनमध्ये आवाज आला, "वा! काय भीती वाटली!"

"खरंच?" मी लाजले.

"मग! उमराव पहिल्याच वाक्याला पळून गेला. आता कोट कुणाला घालायचा?"

या माणसाचे शब्द आणि अर्थ एका घरात राहत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

"पण ती चिडलेली आहे ना?" मी विचारलं.

"आहे. ते ऐकणाऱ्याला माहीत आहे, उमरावाला नाही. म्हणून तो हसतो आणि आपण घाबरतो. तुम्ही रागावलात की त्यालाही कळतं, मग मजाच गेली. तुम्ही फक्त त्याची काळजी करा."

"ज्याला मारायचंय त्याची?"

"दवाखान्यात करता की!"

मला हसू आवरेना. मग डोळे मिटून मी तेच वाक्य पेशंटला विचारावं तसं विचारलं... आणि माझ्याच हातावर काटा आला. मेणबत्त्या, वारा, काळे आरसे, हे सगळं कथेत आधीपासून होतंच. पण अंधार पडला तो आत्ता, त्या मऊ आवाजानं.

काचेपलीकडे तो खुर्चीतून उठला. "वाईट," तो म्हणाला, "फारच वाईट." आणि स्वतःचा चहाचा कप त्यानं माझ्यापुढे आणून ठेवला.

तिथून माझा गोंधळ सुरू झाला. उशीर झाला की म्हणायचा, "लवकर आलात!" नवा ड्रेस घातला की, "आज अगदीच बघवत नाहीये." म्हणजे छान? की खरंच बघवत नव्हतं?

मी ताईला विचारलं. ती म्हणाली, "सोपं आहे. तो बोलेल ते उलट धर."

"मग काल म्हणाला, 'सावकाश जा, रस्त्यात गर्दी आहे.' तेही उलट धरू?"

ताईनं कपाळावर हात मारला. पेपरामागून भावजी म्हणाले, "मी नाही का रोज तुझ्या ताईच्या भाजीला छान म्हणत?" मग तो विषय बराच वेळ वेगळ्याच दिशेनं गेला.

कथेचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं, तेव्हा पत्र आलं. दुसऱ्या शहरातल्या दंत महाविद्यालयात मला प्रवेश मिळाला होता. दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम. तिसऱ्यांदा अर्ज केला होता मी. कानसेनला सांगितलं तेव्हा तो वायर गुंडाळत होता. गुंडाळतच राहिला.

"जा तुम्ही."

"जाऊ?"

"जायलाच हवं."

मी ते शब्द उलटेसुलटे करून पाहिले. ना खोडी, ना मिश्किलपणा. म्हणजे याला माझं काहीच नाही? की 'जाऊ नका' म्हणतोय? ...गोड शब्दांना भुलून हसणारा तो उमराव मीच तर नाही?

शेवटच्या प्रकरणात उमराव तो कोट घालून लग्नात नाचतो. घामाघूम होतो. शिंपीण त्याचं कपाळ पुसते आणि अखेरचं विचारते. मी "मालक..." एवढंच वाचलं आणि पान पालथं ठेवलं. हेडफोन काढून ठेवले, दार ढकललं आणि पहिल्यांदाच काचेच्या त्या बाजूला गेले.

"सरळ बोलायला काय घ्याल हो तुम्ही? 'जा' म्हणजे जा, की जाऊ नका?"

त्याचे कान लाल झाले. "जा म्हणजे... जा. तेवढं एकच सरळ बोललो होतो. तीनदा अर्ज केलात तुम्ही. मी मध्ये कशाला येऊ?"

"आणि बाकीचं? 'बघवत नाहीये' वगैरे?"

"ते उलट."

"सगळं?"

"सगळं. सरळ बोलायला गेलं की माझा आवाज फाटतो. हे बघा – मला तुम्ही..."

आणि खरंच फाटला! तो खोकला, पाणी प्याला, पुन्हा सुरुवात केली. "मला तुम्ही... आवडता." आवाज बारीक, शेवटी थरथरलेला. दुसऱ्या कुणी असं वाचलं असतं तर यानं दहादा थांबवलं असतं. मला मात्र त्यात एक अक्षरही उलटं करून बघावं लागलं नाही. मी खाली बघितलं. हसू लपत नव्हतं.

"मग... दोन वर्षं," तो म्हणाला. "गाडीनं चार तास. आणि रविवारी मला सुट्टी असते."

मी आत गेले, राहिलेलं पान एका दमात वाचून संपवलं, पर्स खांद्याला लावली. दारात थांबून, होता नव्हता तेवढा रुक्षपणा आवाजात आणून म्हणाले, "रविवारी मला खूप अभ्यास असणार. मुळीच येऊ नका."

त्याचा चेहरा पडला. क्षणभर... दोन क्षण... गोंधळून तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळूहळू त्याच्या डोळ्यांत काहीतरी उजळलं.

"बरं," तो म्हणाला. "आणि साधारण किती वाजता येऊ नको?"