ताईंचा मसुदा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, एरवी हा विषय मी काढत नाही.

भर दुपार होती. एका फर्निचरवाल्याची वेबसाइट बनवत होतो. खुर्च्या-टेबलांची माहिती आमच्या ऑफिसातल्या ताई एका सिस्टीममध्ये भरायच्या, ती पडद्यावर दिसायची कशी ते माझं काम. "बिनडोक्याची सिस्टीम रे ही," ताई हसायच्या. "धड माझं, तोंड तुझं."

तीन दिवस ताई कामावर नव्हत्या. फोन बंद. नवरा हात उचलतो हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे गप्प. मीसुद्धा.

पान रिफ्रेश केलं, तर एका खुर्चीच्या वर्णनात भलतीच ओळ.

'तो परत आलाय.'

मी सिस्टीम उघडली. ताईंच्या नावाने मसुदा सेव्ह झालेला, मिनिटभरापूर्वी.

पुन्हा रिफ्रेश केलं. 'हातोडा काढला.'

शेजारचा डिझायनर वाकून बघू लागला. "ताई लिहितायत?"

"त्यांचंच नाव आहे..."

'गुडघा फुटला.'

"अरे, मारतोय तो त्यांना! ऊठ!"

'दुसराही.'

जिना उतरताना मोबाइलवर शेवटची ओळ वाचली. 'आता डोकं.'

पाच मिनिटांत ताईंच्या घरी पोचलो. शेजारी दाराबाहेर थिजून उभे होते.

"किंचाळत होता हो..." एक म्हातारे पुटपुटले.

"होता?"

दाराला आतून कडी होती. खांदे मारमारून ते तोडलं. आधी वास आला, कुजका. मग पायाला काहीतरी कोमट लागलं. नवरा उताणा पडला होता. दोन्ही गुडघ्यांतून हाडं बाहेर आलेली. चेहरा नव्हताच, नुसता लगदा, आणि त्यातून रक्त अजून बुडबुडत होतं. बाजूला त्यानेच आणलेलं नवं पोतं आणि दोरी.

ताई पलंगाखाली सापडल्या, चादरीत गुंडाळलेल्या. गळ्यावर बोटांचे काळे वळ. मुठीत हातोडा. तो सोडवायला मागून आलेल्या पोलिसांना त्यांची बोटं मोडावी लागली.

"तीन दिवस झालेत जाऊन," पोलिसांबरोबरचे डॉक्टर म्हणाले. "निदान तीन." मग त्यांनी चादर डोक्यावरून बाजूला केली आणि हात मागे घेतला.

आतून कडी लावलेल्या त्या घरात दुसरं कुणीच नव्हतं. तरी ताईंचे केस ओले होते. नुकतेच कुणीतरी धुवून, विंचरून, घट्ट वेणी घातली होती.