हाकेआधीची ओ

ही गोष्ट कुणाला घाबरवायला सांगत नाही. पांडुरंगाशपथ खरी आहे.

ज्यांच्या बाबतीत घडली ते चुडामणमामा माझ्या आईचे सख्खे भाऊ. माळकरी माणूस. गावात कुठंही कीर्तन असलं की मामा पहिल्या रांगेत. खोटं कधी बोलले नाहीत.

एकदाच बोलले...

जळगाव. डिसेंबर २०२३. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार.

स्टँडमागच्या एका बोळात रात्रीच्या बारा गाड्या लागायच्या. शेवभाजी, भुर्जी, भरीत आणि कळण्याची भाकरी. मामांची कढईतल्या आटीव दुधाची. त्यांना लागूनच कमलबाई आणि तिची लेक रूपा यांची भरिताची. उशिराच्या एसटीनं उतरलेला माणूस, दवाखान्यात पेशंटजवळ बसलेला नातलग, दुसऱ्या पाळीतून सुटलेल्या पोरी... सगळ्यांना तिथं गरम घास मिळायचा.

बारा वाजेपर्यंत गाड्या लावायची परवानगी खेटे घालून घालून मिळालेली. अट एकच. बोळात कुणाला काही होता कामा नये. बाईमाणसाला तर नाहीच.

म्हणून गाडीवाल्यांनी आपसांत एक रीत पाडली.

सगळ्या दिव्यांचं बटण एकच, बोळाच्या तोंडाशी खांबावर. ज्याची पाळी असेल त्यानं शेवटी बोळात टोकापर्यंत जायचं आणि तीनदा हाक मारायची, "कोनी शे का?" म्हणजे, कुणी आहे का?

आत कुणी राहिलं असेल तर ते ओ द्यायचं, "शे!" मग 'थांबतो' म्हणून थांबायचं. तिन्ही हाकांना शांतता मिळाली, तरच बटण बंद.

बोळाच्या टोकाला नळ होता आणि शेजारी जुना हौद, फळ्यांनी झाकलेला. रूपा तिथं भांडी घासायची. गाड्यांचा उजेड तिथवर कसाबसा पोचायचा.

"प्रेमराजभाऊ, नळावर एक बल्ब लावा ना," ती प्रत्येक बैठकीत म्हणायची.

प्रेमराज गाडीवाल्यांचा अध्यक्ष. "लावू गं! तुझ्या लग्नात माळाच सोडू."

सगळे हसायचे. रूपाही हसायची.

त्या गुरुवारी पाळी मामांची होती.

उपासाचा दिवस, गिऱ्हाईक नाही. कमलबाई घरी पूजेला बसलेली, गाडीवर रूपा एकटी. चौकातल्या मंदिरात सप्ताह चालू होता, यावलकडचे बुवा आलेले. मृदंग बोळापर्यंत ऐकू येत होता. साडेदहालाच गाड्या झाकल्या जाऊ लागल्या. मामांचा जीव तिकडे अडकलेला. बुवांचा उत्तररंग सुरू झाला असेल...

त्यांनी बोळाच्या तोंडाशी उभं राहून आत पाहिलं. कुणी दिसलं नाही.

टोकापर्यंत गेले नाहीत.

हाक मारली नाही.

बटण बंद केलं आणि निघाले.

कीर्तनात बुवा सांगत होते, "अरे, हाक मारा! देव धावत येतो. पण आधी हाक तर मारा!" मामांचे डोळे भरून आले. त्यांनी टाळी वाजवली.

त्याच वेळी बोळात...

सकाळी हौदाची एक फळी मोडलेली सापडली. पाण्यावर भरिताचं पातेलं तरंगत होतं. रूपा खाली होती.

लोक जमायच्या आत प्रेमराजनं मामांना बाजूला घेतलं. "चुडामणभाऊ, हाक मारली होती ना?"

मामा हौदाकडे पाहत राहिले.

"मारली होती. तीनदा. तिनं ओ दिली नाही. कानात वायरी घालून गाणी ऐकत असेल. काय?"

"प्रेमराज, मी..."

"परवानगी जाईल. बारा घरं शेत भाऊ या गाड्यांवर, बारा."

मामांनी मान हलवली.

झालं. गावभर तेच पसरलं. पोरगी बेसावध होती. आजकालच्या पोरी, कान नाही अन् भान नाही.

कमलबाई रडली नाही. एवढंच म्हणाली, "मनी पोर, मनी रूपा हाकेला ओ देनार नही?"

महिन्याभरात गाड्या पुन्हा लागल्या. नळावर आता बल्ब नाही, मोठा फोकस लागला. हौदावर सिमेंटचा स्लॅब पडला. बोळाच्या तोंडाशी फलक आला, 'सुरक्षित रात्र, आनंदी रात्र'. प्रेमराजनं फीत कापली. पेढे वाटले. गर्दी पहिल्यापेक्षा वाढली.

मेलेल्या पोरीनं मागितलेला उजेड, जिवंत असलेल्यांनी फोटो काढून लावला.

मग मामांची पाळी आली.

बारा वाजले. बोळ रिकामा. ते टोकापर्यंत गेले. फोकसच्या पांढऱ्या उजेडात एक मांजरही नव्हतं.

"कोनी शे का?"

काही नाही.

"कोनी शे का?"

काही नाही... पण नारळाची शेंडी पितळेवर घासावी तसा आवाज. खर्र... खर्र...

तिसरी हाक मामांनी अर्धीच मारली.

घासणं थांबलं.

"शे..."

अगदी साधा आवाज. घाईत असलेल्या माणसाचा.

नळ कोरडा होता. स्लॅबवर मात्र ओल्या राखेची मूठ पडलेली... ताजी.

मामांनी त्या रात्री बटण बंद केलं नाही. पहाटे पहिली एसटी लागेपर्यंत खांबाला टेकून उभे राहिले.

पुढच्या रात्री निंबा भुर्जीवाल्याची पाळी. त्यालाही ओ आली. तो चपला टाकून पळाला. नंतर कुणी टोकापर्यंत जाईना. शेवटी प्रेमराजनं खांबावर टायमर बसवला. बरोबर बाराला दिवे आपोआप बंद.

"आता हाक मारायची गरजच नाही," तो म्हणाला. "मशीन शे ना!"

पावणेबारालाच सगळे गाड्या झाकू लागले. तो आवाज ऐकू येऊ नये म्हणून मोटारसायकलचा ॲक्सिलेटर पिळत बसायचे.

कमलबाईनंही गाडी पुन्हा लावली होती; ती सगळ्यांत शेवटी जायची. एका रात्री तिनं मामांचा हात धरला.

"चुडामणभाऊ, आज हाक मारा. बठ्ठे लोक म्हन्तस, रूपा ओ देते. मला ऐकायचंय."

"अक्का, नको..."

"मारा."

टायमर टिकटिकला. दिवे गेले. नळावरचा फोकसही गेला.

मामांनी अंधारात हाक मारली. एक. दोन. तीन.

खर्र... खर्र...

"शे..."

कमलबाईनं धरलेला हात आवळला. मग ती हळूच म्हणाली, "बघा. ओ देते. आजबी देते."

मामांच्या गळ्यातली माळ त्यांना टोचू लागली.

"भाऊ, एक सांगा. त्या रात्री तुम्ही हाक मारली होती ना?"

मामांनी तोंड उघडलं. काय सांगणार होते ते त्यांना आजही ठाऊक नाही. कारण त्यांच्याआधीच...

नळापासून नाही. त्या दोघांच्या मधून. अगदी कानाजवळून...

"नही."

कमलबाई ओरडली नाही. शिव्या दिल्या नाहीत. तिनं मामांचा हात सोडला. मग विचारलं, "कोनी शिकवलं खोटं बोलायला?"

"प्रेमराज म्हणाला... बारा घरं शेत."

"त्या बारात माझं घर धरलं होतं का, भाऊ?"

ती गेली. तिची गाडी पुन्हा लागली नाही.

मामा दुसऱ्या दिवशी प्रेमराजकडे गेले, सगळ्यांसमोर खरं सांगतो म्हणाले. प्रेमराजनं चहा मागवला. "आता कशाला उकरता? एका संस्थेनं आपल्या बोळाला बक्षीस दिलंय. सुरक्षित बाजार म्हणून." भिंतीवर ढाल टांगलेली होती.

मामांनी तरी सांगितलं. भेटेल त्याला सांगितलं. लोक म्हणाले, म्हातारा भ्रमिष्ट झाला. आता ते कीर्तनाला जातात, पण मंडपात बसत नाहीत. बाहेर, चपलांपाशी उभे राहतात. टाळ थांबले की कान झाकतात.

मला हे खरं वाटत नव्हतं. म्हणून गेल्या महिन्यात मी स्वतः त्या बोळात गेलो. शेवभाजी खाल्ली. चव उत्तम होती, खोटं कशाला बोलू. पावणेबाराला सगळे पांगले. मी फलकाखाली थांबलो.

बारा वाजले. दिवे गेले.

मी हाक मारली नाही. दुसऱ्याही कुणी मारली नाही.

बोळाच्या टोकाकडून घासण्याचा आवाज आला... थांबला.

"शे..."

मग थोडी शांतता. कुणी हाक मारली असेल आणि आपल्यालाच ऐकू आली नसेल, असं वाटल्यावर माणूस जरा मोठ्यानं बोलतो ना, तसं...

"शे!"

आणि मग तिसऱ्यांदा, रडवेलं होऊन...

"मी शे ना!"

थांबतो, एवढंच म्हणायला हवं होतं मला.

मी म्हणालो नाही. मीही निघून आलो.