डावीकडून तिसरा तागा

"लाल मागितलं ना मी... ही तर दोन्ही कापडं हिरवीच आहेत!" प्रतीक्षा हसत म्हणाली.

भूमची ही मुलगी उमरग्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला नुकतीच आली होती. बारावीच्या मुलांना दाखवायचे गुणसूत्रांचे आकार कापायला तिला लाल आणि हिरवं कापड हवं होतं.

काउंटरमागचा सिद्धलिंग कात्री धरून तसाच थांबला. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. गादीवरून त्याचे वडील गुंडाप्पा घाईनं ओरडले, "सिदू, वरचा बघ की रे!"

त्यानं वर पाहिलं खरं... पण हात कुठल्याच ताग्याकडं जाईना.

प्रतीक्षाला उमगलं. "वरच्या फळीवर, डावीकडून तिसरा तागा," ती पुटपुटली, गादीपर्यंत ऐकू जाणार नाही इतक्या हळू. त्यानं चमकून पाहिलं, तेव्हा ती शहाण्यासारखी पंख्याकडं बघत होती.

त्यानंतर तिला कापड फार लागू लागलं. कधी अस्तर, कधी पडदा, कधी नुसतीच रिबीन.

"मॅडम, तुमच्या कॉलेजात शिकवतात का शिवतात?"

"दोन्ही. तुमचं दुकान चालावं म्हणून."

एका दुपारी अप्पा जेवायला घरी गेले होते. सिद्धलिंग ताग्याची घडी उगाच पुन्हा घालत म्हणाला, "त्या दिवशीच कळलं ना तुम्हाला?"

"हो."

"मग बोलला का न्हाईत?"

"तुम्ही बोलला नाहीत... म्हणून."

"ताग्यावर रंगाच्या चिठ्ठ्या असतात, त्या वाचून भागवतो. त्या दिवशी साफसफाईत निघाल्या होत्या. बेंबळीचं स्थळ आलं तवा मी खरं सांगितलं. म्हणले, रक्तात खोट हाय. तवापासून अप्पा म्हणतात, तोंड मिटून ऱ्हा."

"सोमवारी नेमका हाच धडा आहे," ती म्हणाली. "तुमचं नाव नाही यायचं."

सोमवारी तास सुरू झाला आणि तो स्वतःच दारात उभा! "येऊ का, मॅडम?"

त्यानं खडू घेतला. फळ्यावर आईचा मामा काढला, मग आईचा भाऊ, मग स्वतः. "आमी तिघं लाल-हिरवं वळखत न्हाई. हे आईकडून आलं. तिला मातर सगळे रंग दिसतात."

पहिल्या बाकावरच्या राजनंदिनीनं विचारलं, "मग पिकलेली मिरची कशी कळती?"

"खाल्ल्यावर!"

वर्ग हसला, तोही हसला. वर्षानुवर्षं झाकलेली गोष्ट त्यानं चाळीस जणांसमोर उघडी केली होती. प्रतीक्षाला त्याच्यावरून नजर काढता येईना.

तास संपल्यावर दोघं व्हरांड्यात आले.

"एक विचारू? माझ्या मुलाला पण असंच...?"

"तुमच्याकडून नाही. हे एक्स गुणसूत्रावर असतं, आणि बापाचं एक्स मुलाला जातच नाही. मुलीला जातं, पण बहुतेक तिच्यात ते लपून राहतं."

"मग मुलाला काय मिळंल?"

"सोपं आहे. वाय तुमचं," ती शिकवण्याच्या भरात बोलून गेली, "आणि एक्स माझं—"

पुढचा शब्द ओठांतच राहिला.

"मॅडम..." तो म्हणाला, "अप्पांना भूमला पाठवू का?"

तिनं खडूनं पांढरे झालेले हात ओढणीला पुसले. बराच वेळ पुसत राहिली.

"पाठवा," ती म्हणाली. "पण या वेळी त्यांना म्हणावं... काहीच लपवू नका."

"आन् तुमच्या घरच्यांनी विचारलं, पोरात खोट हाय का म्हणून?"

"तर मी सांगेन. धडा मलाच शिकवायचाय."